नागपूरच्या उन्हाळ्यात फर्न जगवताना या चुका टाळा

एप्रिल लागला की बोस्टन फर्नची टोकं तपकिरी पडतात, बोटात धरली की चुरा होतो. घरातलं कोणीतरी म्हणतं, पाणी कमी पडतंय. मग सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी सुरू होतं आणि मे उजाडेपर्यंत झाड मुळाशी सडतं. नागपुरात फर्न जाण्याची ही सर्वांत नेहमीची रीत.

खरं कारण हवेत असतं. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातो, दुपारची आर्द्रता कित्येकदा 20 टक्क्यांच्या खाली उतरते. फर्नला निदान 50 टक्के लागते. पानातून पाणी इतक्या वेगानं उडतं की माती ओली असूनही मुळं पुरी पडत नाहीत. त्यात आणखी पाणी ओतलं की मातीतली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात.

म्हणून आधी लक्षण ओळखा. फक्त टोकं आणि कडा कुरकुरीत, माती मात्र ओलसर, तर हवा कोरडी आहे. खालची पानं अख्खी पिवळी, मऊ, मातीला आंबूस वास, तर पाणी जास्त झालंय. कुंडी उचलल्यावर हलकी लागली आणि पानं फिकट होऊन लोंबली, तरच झाड तहानलेलं आहे.

पानांवर फवारा मारल्यानं फार फरक पडत नाही. नागपूरच्या दुपारी तो काही मिनिटांत उडून जातो. दोन इंच खोल ट्रेमध्ये गिट्टी किंवा गोटे पसरा, गोट्यांच्या खाली राहील इतकंच पाणी भरा आणि चार-पाच कुंड्या त्यावर जवळजवळ ठेवा. कुंडीचं बूड पाण्याला टेकू देऊ नका. कूलर चालतो ती खोली फर्नला सगळ्यांत मानवते, पण कूलरच्या थेट झोतात नाही. झोत चुकवून, सहा-आठ फुटांवर. एसीच्या खोलीत मात्र हवा आणखी कोरडी होते.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतायची सवयही सोडा. दिवसभर पाणी उडतं आणि क्षार टाकीत साचत जातात. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो, तेच क्षार मुळांशी जातात आणि टोकं जाळतात. बोअरचं पाणी जड असेल तर पावसाळ्यात पिंप भरून ठेवा आणि मेडनहेअरसारख्या नाजूक जातींना तेच द्या.

जागेची चूक पाण्याइतकीच महागात पडते. पश्चिमेच्या बाल्कनीत सावली असली तरी तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत धग सोडते. गच्चीवर हिरवी जाळी लावून कुंड्या सरळ स्लॅबवर मांडल्या, तर मुळं खालून भाजतात. कुंड्या विटांवर किंवा लाकडी पाटावर चढवा, जाळी 75 टक्के सावलीची घ्या, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरीचे तापलेले नऊ दिवस, लागण्याआधीच कुंड्या उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या आडोशाला न्या. एसीच्या बाहेरच्या पेटीसमोर कुठलंही फर्न टिकत नाही.

विदर्भाची काळी माती कपाशीला सोन्यासारखी, फर्नच्या कुंडीत ती काम बिघडवते. ओली झाली की फुगून घट्ट बसते, सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून दिलेलं पाणी त्या फटीतून खाली निघून जातं, मधला गोळा कोरडाच राहतो, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं पाणी झिरपलं. त्यापेक्षा 2 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 1 भाग गांडूळखत किंवा चाळलेलं पानांचं खत आणि 1 भाग परलाइट (पांढरे, हलके खडे) किंवा विटांची बारीक खडी असं मिश्रण करा. कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की पाणी धरत नाही. अशी कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की बाहेर काढून निथळू द्या. कुंडी बदलायची तर जुलै-ऑगस्टमध्ये. पानं जिथून फुटतात तो गाभा मातीत गाडू नका.

काही गोष्टी रोग नसताना रोग समजल्या जातात. पानाच्या पाठीवर सारख्या अंतरावर, ओळीत बसलेले तपकिरी ठिपके हे बीजाणूंचे पुंजके असतात, फर्न निरोगी असल्याची खूण. खवले कीड वेगळी: ती वेडीवाकडी पसरते, देठावरही चढते, नखानं उचकटली की निघते आणि पान चिकट करते. तिच्यासाठी ओल्या कापसानं पुसणं पुरतं. भर उन्हाळ्यात कडुनिंबाच्या तेलाचा फवारा मारला तर फर्नची पानं करपू शकतात, आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबा.

दुसरा गैरसमज मुळांवरच्या गाठींचा. बोस्टन म्हणून विकत घेतलेल्या झाडाला कुंडी बदलताना बोराएवढ्या गोल गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांना गाठी आणणारे बारीक किडे, लागले म्हणून झाड फेकू नका. ते नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया आहे, आणि त्या गाठी पाण्याच्या साठ्याच्या. एक कापून बघा, आत रसरशीत असते. नागपूरच्या हवेत जमिनीत लावायला हीच जात सर्वांत सोशिक. उत्तरेच्या भिंतीलगत, नऊ इंच उंच वाफ्यात लावा. खरं बोस्टन, एक्झाल्टाटा, गाठींशिवायचं असतं आणि त्याला ऊन कमी सोसतं.

शिंगांसारख्या पानांच्या स्टॅगहॉर्नची खालची गोल पानं तपकिरी झाली की लोक कापून टाकतात. ती ढाल आहे, मुळं झाकते. हात लावू नका. हिरव्या पानांवरचा पांढरा लवदेखील धूळ म्हणून पुसू नका, तो पाणी वाचवतो. फळीवर लावलेलं असेल तर उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी 15 मिनिटं पाण्यात बुडवा. बर्ड्स नेस्ट फर्नला मधल्या गाभ्यात पाणी ओतू नका, पाणी साचलं की तिथूनच सडायला लागतं. आणि दुकानात फर्न म्हणून मिळणारं ॲस्परॅगस फर्न हे फर्नच नाही, शतावरीच्या कुळातलं आहे. त्याला दोन-तीन तास सकाळचं ऊन चालतं आणि माती अर्धी सुकेपर्यंत पाण्याची घाई नको.

खताचा हात आखडता ठेवा. पाण्यात विरघळणारं 19:19:19 खत लिटरला 1 ग्रॅम, महिन्यातून एकदा, आधी ओल्या केलेल्या मातीवर. एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत काहीच नाही.

पचमढीच्या दऱ्यांमध्ये फर्न बघून जीव हरखतो, पण तिथून उपटून आणलेलं रोप इथे रुजण्याची आशा फार थोडी. हजारएक मीटर उंचीवरच्या ओल्या खडकाची सवय त्याला असते. शिवाय तो संरक्षित प्रदेश आहे, तिथली झाडं तिथेच राहू द्यावीत. नर्सरीतूनही फर्न जुलैनंतरच घ्या. एप्रिलमध्ये जाळीघरातून आणलेलं झाड आठवडाभरात पानं टाकतं.

सगळं करूनही मे महिन्यात झाड पार वाळलं, तर फेकण्याआधी गाभा अंगठ्यानं दाबून बघा. मऊ, काळा आणि वास मारणारा असेल तर गेलं. टणक लागला तर वाळकी पानं मातीपासून दोन इंचांवर कापा, कुंडी दाट सावलीत ठेवा, माती जेमतेम ओलसर राखा, खत देऊ नका. पाऊस धरल्यावर तीन-चार आठवड्यांत गाभ्यातून लवदार गुंडाळ्या वर येतात. त्या उलगडेपर्यंत बोटं लावू नका, सहज मोडतात.