पावसाळाभर उभ्या बोटीचं जाम इंजिन

पानशेतच्या पाण्यावरची आमची बोट पावसाळाभर उभी होती. दिवाळीत चावी फिरवली तर नुसता 'खट्'. बॅटरी फुल्ल. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पुली जागची हलेना.

पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने फोनवरच निकाल दिला, "साहेब, नवीन बघा." मी आधी इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल, काढले. बॅटरी टॉर्च आत मारला तर एका लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, तांबूस गंजाचा पट्टा. एक्झॉस्टमधून दमट हवा जाऊन पिस्टनच्या रिंगा तिथेच धरल्या होत्या.

नाना पेठेतून एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणलं, त्यात निम्मं ॲसिटोन मिसळून दोन्ही भोकांतून ओतलं. वास डोक्यात जातो, आणि पेट घेतं, तेव्हा बिडी-सिगारेट लांब. रोज थोडं वरून घालत आठवडाभर मुरू दिलं.

मग लांब दांड्याचा पाना. पुलीचा बोल्ट फक्त घट्ट होण्याच्या दिशेनेच ओढा, उलट फिरवाल तर तोच सुटून येईल. मागे आणायला फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) दातांत टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावली. केसभर पुढे, केसभर मागे. जोर लावायचा मोह आवरा, कनेक्टिंग रॉड वाकतो. शेवटी कुरकुरत सुटलं!

इंजेक्टर न लावताच स्टार्टर मारा; आतलं तेल पिचकारीसारखं उडतं, तोंड बाजूला. तेवढा वेळ थंडाव्याच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, नाहीतर पाणी एक्झॉस्टमध्ये साचून उलटं आत येतं. ऑइल बदललं, थोडं चालवून पुन्हा बदललं. धूर अजून किंचित निळा आहे.