गोंड, गोंडी, गोंडीण: नावं लिहिताना गल्लत कशी टाळायची

नागपुरात बातमी, अहवाल किंवा अर्ज लिहिणाऱ्यांच्या हातून गोंड, कोलाम, हलबा, गोवारी ही नावं रोज जातात. घोळ होतो तो बहुतेकदा एका ‘ई’मुळे. मुलगा-मुलगीत ती ‘ई’ स्त्री दाखवते, गोंड-गोंडीत भाषा. त्यामुळे ‘गोंडी शिक्षिका’ असं छापलं, की बाई गोंड समाजाच्या आहेत की गोंडी शिकवतात, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

आधी शब्दाला ‘लोक’, ‘भाषा’ आणि ‘बाई’ जोडून बघा. गोंड लोक, गोंडी भाषा. कोलाम लोक, कोलामी भाषा. ‘कोलामी बाई’ लिहू नका, ‘कोलाम बाई’ लिहा. मूळ नावच ‘ई’ने संपत असेल, जसं मारवाडी किंवा सिंधी, तर माणूस आणि भाषा एकाच शब्दात येतात, तिथे ‘समाज’ किंवा ‘भाषा’ लिहायचा कंटाळा करू नका. कोरकूचंही तसंच. मात्र मेळघाटातल्या कोरकूला गोंडीची बोली म्हणू नका. ती मुंडा भाषाकुळातली आहे, गोंडी आणि कोलामी द्रविड भाषाकुळातल्या.

बाईसाठी ‘ईण’ लावायची आपली जुनी सवय: गोंडीण, तेलीण, मारवाडीण. बोलताना खपून जातं. छापून आलं की जात काढल्यासारखं वाटतं, म्हणून गोंड महिला, मारवाडी महिला असंच लिहावं.

सगळ्यात जपून हाताळायची नावं अनुसूचित जमातींच्या यादीतली. महाराष्ट्राच्या यादीत ‘हलबा, हलबी’ एकाच नोंदीत आहेत. म्हणजे इथे ‘हलबी’ हे जमातीचंही नाव आहे आणि बस्तरकडच्या भाषेचंही. भाषा समजून ते खोडू नका. विणकर कोष्ट्यांसाठी वापरला जाणारा ‘हलबा कोष्टी’ हा शब्द त्याच नोंदीत घुसवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली तसं स्पष्ट केलं आहे. ‘गोंड गोवारी’ आणि ‘गोवारी’ यांचंही असंच. 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपुरात विधिमंडळावर निघालेल्या गोवारींच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन 114 जण गेले, ते याच यादीत येण्याच्या मागणीपायी. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने ही दोन नावं वेगळ्या समाजांची मानली. म्हणून ‘गोंड’ आणि ‘गोवारी’ यांच्यात मनाने स्वल्पविराम किंवा जोडरेघ घालू नका. कागदावर जसं आहे तसंच अक्षर न् अक्षर उतरवा.

‘वंजारी’ ही बंजारा समाजाची भाषाही नव्हे आणि बंजारा बाईही नव्हे. वंजारी हा वेगळा समाज, राज्याच्या यादीत भटक्या जमाती ‘ड’मध्ये, बंजारा विमुक्त जाती ‘अ’मध्ये. बंजाऱ्यांची भाषा गोरमाटी. अर्जात हे चुकलं तर प्रवर्गच बदलतो.

इंग्रजीवरून उतरवताना आणखी एक फसगत होते. गडचिरोलीत भामरागडकडचे माडिया आदिवासी इंग्रजी पुस्तकांत ‘मारिया’ म्हणून येतात, कारण तिथे ‘ड’च्या जागी ‘र’ लिहिला जातो. तेच डोळे झाकून देवनागरीत आणलं की ‘मारिया महिला’ होतं, आणि वाचणारा गोंधळतो की ही कोण चर्चमधली बाई! मराठीत माडियाच. बस्तरचे मुरिया वेगळे, त्यांना माडिया करून टाकू नका.

‘नागपुरी’ दिसलं तर आधी संदर्भ बघा. रांचीकडची नागपुरी म्हणजे सादरी. तिचं नाव छोटा नागपूरवरून आलं, आपल्या नागपूरच्या सीताबर्डीशी तिचा काही संबंध नाही. आणि ‘वऱ्हाडी’ बोली, वऱ्हाडातला माणूस की लग्नाला आलेला पाहुणा, हे वाक्यावरूनच कळतं. ‘वऱ्हाडीण’ बहुधा लग्नातलीच.

शेवटची तपासणी संगणकावर करताना सगळीकडे एकदम ‘बदला’ दाबू नका. ‘गोंड’चं ‘गोंडी’ करायला गेलात तर गोंडस बाळ ‘गोंडीस’ होतं आणि गोंडपिपरी तालुका ‘गोंडीपिपरी’. आधीच बरोबर असलेल्या ‘गोंडी’लाही दुसरी वेलांटी चिकटते. उलट फक्त पूर्ण शब्द शोधायला सांगितलं तर ‘गोंडांना’, ‘गोंडांची’ सुटून जातात. एकेक जागा डोळ्यांखालून घाला, आणि ‘गोंडांची’ व ‘गोंडीची’ तर दोनदा वाचा: पहिलं लोकांचं, दुसरं भाषेचं.