गावातली जुनी धर्मशाळा समजून घ्यावी कशी? (इंदूर-महेश्वर परिसरासाठी)

महूवरून जाम घाट उतरून महेश्वरला जा, नाहीतर सिमरोल-बडवाहमार्गे ओंकारेश्वरला, वाटेत कुठे जुनी धर्मशाळा दिसली आणि विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: "देवी अहिल्येनं बांधली." काही वेळा ते खरंही असतं. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात खासगीच्या (होळकर राण्यांच्या स्वतंत्र उत्पन्नाच्या) पैशातून देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं उभी केली. पण पुढच्या होळकरांनी, सावकारांनी आणि गावकऱ्यांनीही बांधल्याच की. म्हणून कर्ता कोण हे शेवटी पाहावं. आधी इथे वाटसरूला खायला कसं मिळत होतं ते शोधा, इमारतीचा नकाशा त्यावरच ठरलेला असतो.

सदावर्त असेल तर कोरा शिधा मिळायचा: पीठ, डाळ, मीठ, वर जळण. जातीपातीच्या सोवळ्यामुळे जो तो आपलं आपण रांधायचा. अशा ठिकाणी स्वयंपाकघर शोधत बसू नका, ते नसतंच. ओसरीच्या प्रत्येक खणात (दोन खांबांमधल्या जागेत) भिंतीला एक कोनाडा आणि त्याच्याजवळ चुलीची जागा असते. अन्नछत्रात मात्र एकच मोठी भटारखान्याची खोली, धूर जायला उंचावर झरोके आणि मागे पाण्याची सोय. चुली कधीच्या गेलेल्या असतात, काजळी राहते. ओसरीच्या कोपऱ्यात, सहसा नजर जात नाही अशा जागी, बोथट पात्यानं दोन इंच चौरस रंग थराथरानं खरवडा. चुन्याच्या हातांखाली काळा थर लागला तर तिथे चूल होती. प्रत्येक खणात लागला तर सदावर्त, एकाच खोलीत लागला तर अन्नछत्र. आढ्याची लाकडं नुसती काळी दिसली म्हणून निष्कर्ष काढू नका. कंदिलानं आणि वाळवीसाठी फासलेल्या तेलानंही ती काळी होतात.

शिध्याची कोठार-खोली ओळखणं सोपं: खिडकी नाही, जोतं बाकीच्यापेक्षा वर, दार ठेंगणं. अंगणात एखादी फरशी पोकळ वाजली तर खाली धान्याचं पेव असू शकतं. ते उघडून आत उतरू नका. बंद पेवात हवा विषारी होते.

मोजमापाला तीस मीटरची टेप, ओळंबा आणि दोन माणसं लागतात. चौकाच्या चार बाजू मोजून थांबू नका, दोन्ही कर्ण घ्या. चौक क्वचितच काटकोनात असतो आणि कागदावर तो हटकून काटकोनात काढला जातो. भिंतीची जाडी दारा-खिडकीत घ्या, तेही गिलावा सोडून. खांबांमधलं अंतर खणाखणानं लिहा. एखादा खण मध्येच लहान-मोठा निघाला तर तिथे बहुधा नंतरची जोड आहे. खांबाखालचे तळखडेही बघा, एकाच ओळीत दोन घडणीचे असतील तर संशय पक्का.

काळ ठरवायला छत सगळ्यात उपयोगी. लाकडी तुळया आणि कडीपाट अहिल्याबाईंच्या काळातही सापडतात आणि नंतरही, त्यावरून काही ठरत नाही. लोखंडी गर्डरवर फरश्या असतील तर ते छत रेल्वेनंतरचं. खंडवा-इंदूर रेल्वेमार्ग १८७० च्या दशकातला. गर्डरच्या पोटावर कारखान्याचं नाव उठावात असतं, टॉर्च मारून वाचा. 'डोरमन लाँग' दिसलं तर तो गर्डर १८७५ च्या आधीचा नाही. अर्थात छत बदललेलंही असू शकतं, म्हणून भिंतीची चपटी वीट आणि छत यांचा काळ वेगवेगळा नोंदवा.

शिलालेख असेल तर त्यावर खडू, पीठ काही चोळू नका. रात्री टॉर्च एका बाजूनं, दगडाला जवळजवळ चिकटवून धरा. पुसट अक्षरंही उठून येतात. सालाचा हिशोब असा: शकात ७८ मिळवा, विक्रम संवतातून ५७ वजा करा, अरबी (शुहूर, हिजरी नव्हे) सनात ५९९ मिळवा (वर्षाच्या सुरुवातीनुसार एखाद्या वर्षाचा फरक पडतो). शके १७०७, संवत १८४२ आणि अरबी ११८६, तिन्ही १७८५ च्या आसपास येतात. दगडावर बहुधा बाळबोध (देवनागरी) लिपी असते. दप्तरातले कागद मोडीत, तेव्हा मोडी वाचणारा आधी गाठा. पटवाऱ्याकडे खसरा (शेत-जमिनीची चालू नोंद) आणि मिसल बंदोबस्त (जुन्या जमीनबंदोबस्ताची नोंद) दोन्ही मागा. सदावर्ताच्या खर्चासाठी माफी (सारा माफ असलेली) जमीन लावली असेल तर जुन्या मिसलीत ती सापडण्याची शक्यता जास्त, चालू खसऱ्यात नाव बदललेलं असतं.

दुरुस्तीच्या नावाखाली सिमेंटचा गिलावा मारला जातो, तिथेच घात होतो. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंट ती कोंडतं. मग क्षार फुलतात आणि आतली वीट पिठासारखी होते. सांधे भरायचे तर दोनेक सेंटीमीटर खोल खरवडा, भिंत भिजवा. भिजवून मुरवलेला चुना एक भाग, सुरखी (विटांची भुकटी) एक, वाळू दोन असं मिश्रण भरा. आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवा. मे महिन्याच्या उन्हात हे काम काढू नका, चुना नुसता वाळतो, धरत नाही.

भेग दिसली की लगेच बुजवू नका. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि जोतं तिच्याबरोबर हलतं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा, रुंदी मोजा. एप्रिलमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा. उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यानंतर मिटत असेल तर दोष मातीचा. भिंतीलगतचं पाणी दूर न्या आणि पायाजवळचं झाड तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय तोडू नका, झाड गेलं की तिथली माती फुगते. दोन्ही वेळा भेग वाढतच असेल तर मात्र इंजिनिअरला बोलवा आणि तोवर त्या ओसरीत कोणाला झोपू देऊ नका.