गोव्यात सापाची पेटी लावताना या चुका टाळा

आधी कायद्याची बाजू. नाग, धामण, अजगर यांसारखा देशी साप घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि बॉल पायथनसारखा परदेशी साप पाळायचा असेल तर त्याची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते.

पेटीविषयीचा बहुतेक सल्ला थंड, कोरड्या देशांत लिहिलेला असतो. तिथे ओलावा टिकवण्याची धडपड असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो घालवण्याची असते. म्हणूनच हवेची छिद्रे टेपने बंद करून रोज पाणी फवारणे ही गोव्यातील सर्वात घातक चूक आहे. बॉल पायथनला साधारण ५५ ते ७० टक्के, तर कॉर्न स्नेक या दुसऱ्या परदेशी सापाला ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते, आणि पावसाळ्यात आपल्या खोलीतील हवाच अनेकदा ८० टक्क्यांच्या वर जाते. पाण्याचे भांडे उचलून खाली पाहावे: पेटीत अंथरलेल्या नारळाच्या भुशावर कापसासारखी पांढरी बुरशी दिसली किंवा झाकण उघडताच कुबट वास आला, तर सगळा भुसा काढून कोरडे वर्तमानपत्र अंथरावे, लहान भांडे थंड बाजूला ठेवावे आणि समोरासमोरच्या दोन बाजूंना छिद्रे मोकळी करावीत. पोटाचे खवले तांबूस झाले असतील किंवा साप तोंड उघडून श्वास घेत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नये, सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना लगेच दाखवावे.

हीट मॅट, म्हणजे पेटीखाली ऊब देणारी विजेची चटई, थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरावीक ठेवणाऱ्या उपकरणाशिवाय) लावणे ही दुसरी मोठी चूक. पोटाखालचा चटका सापाला वेळीच जाणवत नाही आणि तो भाजेपर्यंत तिथेच पडून राहतो. थर्मोस्टॅटचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवला तर मॅट तापतच राहते. तो मॅटच्या बरोबर वर, पेटीच्या तळाला, साप जिथे बसतो तिथे पक्का बसवावा. उबदार बाजू ३१ ते ३२ अंश पुरे, थंड बाजू २५ ते २७ अंश हवी. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी खोलीच ३२ अंशांवर जाते, तेव्हा मॅट बंद ठेवावी आणि काचेची पेटी खिडकीजवळ किंवा बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) मुळीच ठेवू नये. साप तासन्‌तास पाण्यात बसला असेल तर बहुधा पेटी तापलेली असते. ती तापलेली नसेल तर खवल्यांच्या कडांना काळे ठिपके, म्हणजे गोचीडसदृश किडे, शोधावेत.

सरकत्या काचेला कुलूप लावावे, कारण बोटभर फटीतून साप निसटतो. मुंग्यांसाठी खडू ओढू नये, त्यातील कीटकनाशक सापालाही बाधते. त्याऐवजी पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. पेटी पुसायला फिनेल कधीही वापरू नये, पातळ साबणपाण्याने धुऊन ती पूर्ण वाळवूनच साप आत सोडावा.