सर्व्हिसिंगनंतर गाडी दीड किलोमीटरवर बंद पडते: पेट्रोल नेमकं कुठं अडलं?

सर्व्हिसिंग करून आणलेली मोटारसायकल गावातून नीट निघते, पांदणीला लागली की झटके खात बंद पडते. पाच मिनिटं थांबून किक मारली की पुन्हा चालू, आणि एक-दीड किलोमीटरवर पुन्हा तेच. कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनला देणारा भाग असलेल्या, गाडीत असं झालं, तर बहुतेक वेळा टाकीतून पेट्रोल उतरत असतं, पण गाडी खाते त्यापेक्षा सावकाश. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत थोडंच पेट्रोल मावतं. लिटरला 60 च्या अ‍ॅव्हरेजला चहाच्या एका चमच्यात, म्हणजे 5 मिलीत, गाडी 300 मीटर जाते. वाटी रिकामी झाली की बंद. उभी राहिली की वाटी हळूहळू भरते, म्हणून परत चालू होते.

तेव्हा नवीन कार्बोरेटर घ्यायची घाई करू नका, हवेच्या स्क्रूलाही हात लावू नका. मिस्त्रीनं जे जे खोललं, त्यातच आधी बघायचं: टाकी, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी), पाइप, कार्बोरेटर. वरून खाली, याच क्रमानं. काम अंगणात करा, घरात नाही. इंजिन थंड, किल्ली बंद, आणि जवळपास चूल किंवा बिडी नको.

सुरुवात टाकीच्या झाकणापासून. पेट्रोल खाली गेलं की तेवढी हवा झाकणाच्या बारीक छिद्रातून आत यावी लागते. गाडी धुताना काळ्या मातीचा चिखल त्यात बसून सुकतो, किंवा पॉलिश भरतं. टाकीवर घातलेलं रेक्झिनचं कव्हर झाकणावर घट्ट बसलं तरी तेच होतं. गाडी बंद पडेल तिथंच झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली आणि थोड्या वेळात गाडी चालू झाली, तर दोष सापडला. झाकण टाकीपासून लांब नेऊन हवा मारून साफ करा. खर्च काही नाही.

मग कॉक. ऑनची नळी टाकीत उंच असते, रिझर्व्हची खाली. सर्व्हिसिंगमध्ये पेट्रोल काढलेलं असू शकतं, त्यामुळे ऑनवर बंद आणि रिझर्व्हवर चालू असं असेल, तर आधी दोन लिटर पेट्रोल टाका. तरीही फरक राहिला तर ऑनच्या नळीची जाळी तुंबली आहे.

आता सगळ्यात कामाची तपासणी. कॉक बंद करून कार्बोरेटरकडचं पाइपचं टोक काढा, पारदर्शक बाटलीत धरा आणि कॉक उघडा. 60 चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी ताशी 50 च्या वेगानं मिनिटाला साधारण 14 मिली पेट्रोल खाते. म्हणजे थेंब थेंब येऊन भागणार नाही, अखंड धार हवी. एक मिनिट सलग धरा, कारण पहिली धार चांगली येऊन नंतर बारीक होते. झाकण उघडल्यावर धार वाढली, तर वरची पायरी पुन्हा बघा.

धार बारीकच राहिली तर पाइप बघा. टाकी बसवताना तो दबतो, किंवा लांब पाइप टाकल्यानं मुडपतो. मध्ये जास्तीचा फिल्टर बसवला असेल तर त्यावरचा बाण कार्बोरेटरकडे आहे ना, आणि फिल्टर इंजिनला टेकत नाही ना, ते तपासा. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा तापलेल्या फिल्टरमध्ये पेट्रोलची वाफ होऊन धार तुटते. काही गाड्यांच्या कॉकखाली गाळ साचायची वाटी असते. तिची जाळी आणि रबरी रिंग नीट बसली नसेल, तरी पेट्रोल अडतं किंवा गळतं.

बाटली धरून ठेवा, दहा मिनिटं हलवू नका. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. गाडी धुताना जातं, दुकानातल्या बाटलीच्या पेट्रोलमधूनही येतं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते थोडं पाणी मुरवून घेतं, पण जास्त झालं की पाण्यासकट खाली बसतं, आणि कॉक खालूनच ओढतो. टाकी पूर्ण रिकामी करा, कार्बोरेटरची वाटीही.

धार जोरदार असेल तर दोष कार्बोरेटरमध्ये. पाइप जोडून कॉक चालू ठेवा, वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून बाटलीत धरा. साठलेलं पेट्रोल संपल्यावरही धार चालू राहायला हवी. थांबली तर वाटीत पेट्रोल सोडणारी सुई अडकते आहे, तिला वर-खाली करणाऱ्या फ्लोटची (तरंगत्या तुकड्याची) पिन वाकडी बसली आहे, किंवा सुईच्या बैठकीत कचरा आहे. चालूच राहिली, पण वेग घेताना गाडी दम सोडते, तर मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं पितळी नळकांडं, बघा. चोकवरच चालते आणि आयडलिंग धरत नाही, तर छोटा जेट. जेटमध्ये तार किंवा टाचणी घालू नका; पितळेचं भोक मोठं होतं आणि अ‍ॅव्हरेज कायमचं जातं. पेट्रोलनं धुऊन हवा मारा. मिस्त्रीला स्पष्ट विचारा, “भाऊ, जेट जुनेच आहेत की बदलले?”

आपोआप रेस वर-खाली होत असेल तर पेट्रोलपेक्षा हवेचा संशय घ्या. कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या जोडावर, गाडी चालू ठेवून, साबणाचं थोडं पाणी सोडा. आवाज बदलला तर त्या जोडावरची रिंग फाटली आहे किंवा बोल्ट सैल आहेत.

2020 नंतरच्या बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या आहेत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पंपाच्या दाबानं पेट्रोल फवारणाऱ्या. त्यांचा पाइप काढू नका, पेट्रोल दाबाखाली असतं. किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐका. ती नसेल तर आधी फ्यूज बघा, मग टाकीखालचा कनेक्टर. टाकी बसवताना तो अर्धवट लागलेला राहतो.