मशीन भरायला निघण्याआधी

खाण्यापिण्याच्या वस्तू विकणारी व्हेंडिंग मशीन भरायच्या फेरीची तयारी आदल्या संध्याकाळीच उरकायची, वही आणि मशीनचे आकडे समोर घेऊन. मशीनला टेलिमेट्री, म्हणजे विक्रीचे आकडे दुरून कळवणारी सोय, असेल तर कुठल्या स्प्रिंगमधून किती नग गेले ते बसल्या जागी फोनवर दिसतं. (स्प्रिंग म्हणजे ट्रेवरचं तारेचं वेटोळं, ते फिरलं की पुढचा नग खाली पडतो. वेटोळ्यांमधली एकेका नगाची जागा म्हणजे घर.) नसेल तर मागच्या फेरीला किती भरले आणि या फेरीला किती उरले, एवढी वहीतली वजाबाकी पुरते. मात्र ती प्रत्येक स्प्रिंगची वेगळी हवी. ‘चिप्स 40 गेले’ ही नोंद निरुपयोगी. तिसऱ्या ट्रेवरच्या दुसऱ्या स्प्रिंगमधून चार आठवड्यांत 6 गेले, अशी नोंद लागते. चार आठवडे का, तर एखाद्या आठवड्यात सुट्टी येते, एखाद्या दिवशी वीज जाते, कधी एकच माणूस सहा पाकिटं घेऊन जातो. तेवढ्याच आकड्यावर माल मागवला की फसगत ठरलेली.

आता बसून गणित करायचं. फार अवघड नाही. समजा स्प्रिंग 12 नगांची आहे आणि चार आठवड्यांत 6 गेले, म्हणजे आठवड्याला दीड. पूर्ण भरली तर शेवटचं पाकीट पडायला 8 आठवडे लागणार. हातातल्या खोक्यावरची तारीख 7 आठवड्यांवर आली आहे. त्यातले 2 आठवडे मी गिऱ्हाइकासाठी राखून ठेवतो, कारण घेतलेलं पाकीट लगेच फुटतंच असं नाही, ते टेबलाच्या खणात जाऊन पडतं. उरले 5 आठवडे. दिडाने गुणले तर साडेसात, म्हणजे त्या स्प्रिंगमध्ये एकूण 7 नग. आत आधीचे 3 असतील तर बरोबर फक्त 4 न्यायचे. प्रत्येक मंद विक्रीच्या स्प्रिंगसमोर हा आकडा पेन्सिलीने लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी तो पाळायचा.

पाळायचा, हे मुद्दाम लिहितोय. मशीनचं दार उघडलं आणि मागे रिकाम्या जागा दिसल्या की हात थांबत नाही. गच्च भरलेलं मशीन बघून बरं वाटतं, पुढची फेरी लांबवता येईल असंही वाटतं. पण गिऱ्हाइकाला काचेतून स्प्रिंगचं पहिलं पाकीट दिसतं, मागची आठ घरं रिकामी आहेत की भरलेली हे त्याला कळतही नाही. ते भरलेपण आपल्या समाधानासाठी असतं आणि मुदत संपून फेकलेला माल बहुतेक तिथूनच निघतो. स्प्रिंग अर्धी भरायची तर नग पुढच्या घरांपासून सलग बसवायचे, मध्ये घर सोडायचं नाही. नाहीतर स्प्रिंग फिरेल, खाली काही पडणार नाही आणि मशीनने पैसे खाल्ले म्हणून तुम्हाला फोन येईल.

गोदामातून माल काढताना आधी आला तो आधी काढायचा, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. काढायचा तो ज्याची तारीख आधी संपते तो, मग तो कालच का आलेला असेना. हे मी नुकसान सोसून शिकलो. एका घाऊक विक्रेत्याकडे बिस्किटांची खोकी नेहमीपेक्षा बरीच स्वस्त मिळाली. मी घेतली, तारीख जवळची आहे हे बघूनही घेतली. फेरीला गेलो, ट्रे ओढला आणि नेहमीच्या सवयीने नवा माल मागच्या घरांत लावला. स्प्रिंगची रचनाच तशी आहे: पुढचा नग पडतो, बाकीचे पुढे सरकतात, रिकामी घरं मागे तयार होतात, त्यामुळे नवं आपोआप मागे जातं. दीड महिन्याने तोच ट्रे ओढून तिरपा केला. पुढची चार पाकिटं चांगली, त्यांची मुदत आणखी दोन महिन्यांची. त्यांच्यामागे ओळीने सात पाकिटं, सगळी बाद. ताजा माल पुढे उभा राहून शिळ्याची वाट अडवत होता. तेव्हापासून गोदामात प्रत्येक खोक्याच्या दर्शनी बाजूला जाड मार्करने संपायचा महिना आणि दिवस लिहितो, आणि खोकी आल्याच्या क्रमाने न रचता त्या तारखेच्या क्रमाने रचतो.

तारीख वाचायलाही डोळे उघडे हवेत. 05/06 म्हणजे पाच जून की सहा मे, हे पाकीट कुठल्या पद्धतीने छापलंय त्यावर आहे. काही पाकिटांवर फक्त उत्पादनाची तारीख असते आणि ‘इतके महिने उत्तम’ असं बारीक अक्षरांत दुसऱ्याच कडेला. बॅच नंबरला तारीख समजण्याची चूक तर घाईत कुणाकडूनही होते. ‘बेस्ट बिफोर’ आणि ‘यूज बाय’ यांतही फरक आहे. पहिल्यानंतर चव आणि कुरकुरीतपणा उतरतो. दुसरीनंतर मात्र वास ठीक आहे, रंग ठीक आहे असली चिकित्सा करायचीच नाही, टाकून द्यायचं. मशीनसाठी मात्र माझ्याकडे दोन्हींना एकच वागणूक. दुकानात गिऱ्हाईक पाकीट उलटून बघतं, नको असेल तर परत ठेवतं. इथे ते काचेमागे असतं, पैसे दिल्यावरच हातात येतं. म्हणून तारीख उलटायच्या आधीच माल बाहेर यायला हवा.

स्प्रिंगशिवाय दुसऱ्या जातीची मशीन असतील तर भरायची रीत वेगळी. डबे एकावर एक रचलेल्या उभ्या रकान्यात वरून भरतात आणि खालून पडतं, म्हणजे जुनं आधी जातं, काळजी नाही. पण मागून दाबणारी पट्टी असलेल्या कप्प्यात माल पुढून भरावा लागतो आणि पुढूनच जातो. तिथे न बघता भरलं की सगळ्यात मागचा नग वर्षभर तिथेच राहू शकतो. असा कप्पा प्रत्येक वेळी पूर्ण रिकामा करून नवा माल मागे आणि जुना पुढे लावायचा. कंटाळवाणं काम आहे, पण फेरीचा वेळ ठरवताना ते धरूनच निघायचं.

प्रत्येक पदार्थाचं बिघडणं वेगळं असतं. चिप्सच्या पाकिटात नायट्रोजन भरलेला असतो तो तेल खवट होऊ नये आणि चुरा होऊ नये म्हणून. पाकिटाची शिवण जरा सुटली की तो निघून जातो, म्हणून भरताना पाकीट हलकेच दाबून बघायचं, मऊ लागलं तर बाजूला. याउलट दही, रस, सँडविच यांचं वेष्टन फुगलेलं दिसलं तर आत जंतूंनी वायू केला असण्याची शक्यता धरून ते लगेच बाद करायचं. चॉकलेटमधलं कोको बटर साधारण 34 अंश सेल्सिअसला वितळतं, मऊ तर त्याच्याही आधी पडतं. एकदा वितळून पुन्हा घट्ट झालं की वर पांढुरकी छटा येते. खाल्ल्याने अपाय नसतो, पण घेणाऱ्याला ती बुरशी वाटते आणि तो पुन्हा त्या मशीनपाशी थांबत नाही. म्हणून ऊन येणाऱ्या काचेजवळच्या मशीनसाठी उन्हाळ्यात यादीतून चॉकलेट सरळ खोडायचं. शीतपेयांत प्लॅस्टिकच्या बाटलीतला वायू डब्यापेक्षा लवकर उतरतो. बऱ्याच बिनसाखरेच्या पेयांतलं ॲस्पार्टेम हे गोडद्रव्य उष्णतेने आणि काळाने फुटतं, गोडी उतरते, त्यामुळे त्यांची मुदत साध्या पेयांपेक्षा बहुधा कमी असते. नेमकी हीच पेयं बऱ्याच ठिकाणी हळू जातात. तेव्हा यादीत त्यांच्यापुढे खूण करून ठेवा.

थंड मालाची तयारी स्वतंत्र करायची. मशीनचा फ्रीज थंड वस्तू थंड ठेवण्यासाठी असतो, गरम वस्तू भराभर थंड करण्याची ताकद त्यात नसते. म्हणून दूध, दही, सँडविच आधीच गार केलेलं, बर्फाच्या पॅकसह बंद पेटीत न्यायचं, मशीनमध्ये सगळ्यात शेवटी भरायचं आणि दार पटकन लावायचं. आत 5 अंश किंवा त्याखाली हवं. ताज्या खाण्याच्या मशीनमध्ये बहुधा अशी सोय असते, की तापमान ठरावीक वेळ वर राहिलं तर विक्री आपोआप थांबते. असं थांबलेलं मशीन दिसलं की बरेच जण बटण दाबून ते पुन्हा सुरू करतात आणि पुढच्या ठिकाणी निघतात. तसं करू नका. आतला नाशवंत माल काढा, मग कारण शोधा. कारण बरेचदा क्षुल्लक निघतं: कंडेन्सरवर (फ्रीजची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर) धुळीचं जाड पांघरूण, दाराचं रबर फाटलेलं, नाहीतर हवेच्या झरोक्यासमोर आपणच दाबून भरलेल्या बाटल्या. पिशवीत मऊ ब्रश, कापड आणि साधा थर्मामीटर एवढं ठेवलं की यातलं बरंच जागेवर मिटतं.

उठाव नसलेल्या मालाचा निकालही आदल्या संध्याकाळीच लावायचा, मशीनसमोर उभं राहून नाही. तिथे पाकीट हातात असतं आणि फेकायचं जिवावर येतं. पण निकाल द्यायच्या आधी एक शंका फेडून घ्यायची. शून्य विक्री म्हणजे नावड असेलच असं नाही. स्प्रिंग अडकलेली असेल, पाकीट जाड आणि वेटोळी जवळजवळ असतील, आकड्याचा स्टिकर चुकीचा असेल. नाहीतर माल चार दिवसांतच संपला असेल आणि पुढचे दहा दिवस ते घर रिकामंच उभं असेल, म्हणजे ज्याला आपण मंद म्हणून काढणार तो तुमचा सगळ्यात चालता माल निघायचा. म्हणून वहीत उरलेल्या नगांशेजारी ‘रिकामं सापडलं’ असा शेरा हवाच, आणि फेरीत संशयित स्प्रिंगचं बटण दाबून एक नग पाडून बघायचा.

शंका फिटली की माल आधी हलवून बघायचा. एका ठिकाणी पडून असलेलं पाकीट दुसऱ्या ठिकाणी आठवड्यात जातं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिला उपाय तोच करतो. रात्रपाळी असलेल्या ठिकाणी पोटभरीचं जातं, वाचनालयात कमी आवाज करणारं पाकीट जातं (हसू नका, खरं आहे). हलवताना तारखेला अजून निदान महिना हवा, नाहीतर एका मशीनचा कचरा दुसऱ्या मशीनमध्ये नेल्यासारखं होतं. हलवूनही जात नसेल तर खालच्या ट्रेवरून नजरेच्या उंचीवर एकदा. तिथेही चार आठवडे पडून राहिला तर तो माल बंद, आणि त्याची स्प्रिंग जो लवकर संपतो त्याला द्यायची. एकाच पदार्थाच्या तीन चवी ठेवल्या असतील तर तिसरी काढायला फारसा विचार नको, तिचं गिऱ्हाईक बहुतेक पहिल्या दोघींकडे वळतं.

नवा माल आणायचा तर एका मशीनमध्ये एका वेळी एकच, काढलेल्याच्याच घरात, अर्धी स्प्रिंग भरून. दोन-तीन वस्तू एकदम बदलल्या की कशामुळे काय झालं ते कळत नाही. पूर्ण खोकं घ्यावं लागणार असेल तर ते किती मशीनमध्ये वाटलं जाईल हे आधी ठरवा. विक्रेत्याला तारीख विचारूनच ऑर्डर द्या. एकूण मुदतीपैकी निम्म्याहून कमी उरलेला माल मी आता घेत नाही, कितीही सवलत असो.

हिशोबाचा एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. वस्तूची खरेदी विक्रीच्या 60 टक्के असेल तर विकलेल्या नगामागे 40 सुटतात. फेकलेल्या एका नगाचे 60 भरून काढायला दीड नग विकावा लागतो, तेही भाडं आणि पेट्रोल सोडून. आठवड्याला एकच नग जाणाऱ्या स्प्रिंगमध्ये दोन फेकले, तर तीन आठवड्यांची कमाई गेली.

अपवाद एक ठेवलाय. एका मशीनमध्ये बिनसाखरेची बिस्किटं आठवड्याला एकच जातात, नेमकी दर गुरुवारी. मी ती काढली होती. पुढच्या फेरीला काचेवर चिठ्ठी चिकटवलेली: ‘माझी बिस्किटं कुठे गेली?’ दुसऱ्याच फेरीला परत ठेवली. त्या स्प्रिंगमध्ये आता तीनच नग असतात, चौथा कधी भरत नाही.

निघताना पिशवीत किल्ल्या, मार्कर, जास्तीचे स्टिकर, काढलेल्या मालासाठी दोन पिशव्या: एक हलवायच्या मालाची, एक फेकायच्या. दोन्ही वेगळ्या रंगाच्या, नाहीतर गाडीत सगळं एक होतं. मशीन बंद करण्याआधी प्रत्येक ट्रे थोडा ओढून वरून फोटो घ्यायचा, मागची घरं दिसतील असा. परत आल्यावर फेकायची पिशवी त्याच संध्याकाळी उपसून प्रत्येक नगापुढे कारण लिहायचं: तारीख, वितळलं, फुटलं, अडकून चेपलं. दुसऱ्या दिवसावर ढकललं की सगळ्यांपुढे ‘तारीख’ असंच लिहिलं जातं, आणि दाराचं रबर फाटल्याचं पुढच्या महिन्यापर्यंत लक्षात येत नाही.