नर्सिंगचे शिक्षण अर्ध्यावर सोडण्याआधी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नर्सिंग स्कूलमध्ये मी जीएनएमला (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी या पदविकेला) प्रवेश घेतला, तेव्हा आमच्या तुकडीत ४० मुली होत्या. शेवटच्या परीक्षेला आम्ही ३१ जणी बसलो. गळालेल्या नऊ जणींपैकी सात जणी पहिल्याच वर्षात गेल्या, त्यांत माझी खोलीतली मैत्रीण होती. आणि दहावी मी ठरणार होते. आज मी एका वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे आणि दरवर्षी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी माझ्याकडे पोस्टिंगला येतात, म्हणून यंदा प्रवेश घेणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

रक्त पाहून घाबरणाऱ्या मुली सोडून जातात, असा बाहेरच्यांचा समज असतो. आमच्या नऊ जणींत त्या कारणाने गेलेली एकही नव्हती. उलट पहिले ड्रेसिंग पाहताना भोवळ येऊन खाली बसलेली मुलगी आज ऑपरेशन थिएटरमध्ये स्टाफ नर्स आहे. बेडपॅन देणे, रुग्णाला स्पंज बाथ देणे, चादरीचे कोपरे दुमडून पलंग लावणे या कामांची सवय महिन्या-दीड महिन्यात होते. सहा-सात तास उभे राहून पोटऱ्या भरून येतात, तेही अंगवळणी पडते. मुली अडतात त्या पुस्तकापाशी.

जीएनएमला बारावीची कोणतीही शाखा चालते. इंग्रजी विषय आणि ४० टक्के गुण असले की प्रवेशास पात्र होता येते. त्यामुळे गावच्या मराठी माध्यमाच्या शाळेतून, कला शाखेतून आलेल्या मुली इथे पुष्कळ असतात, आणि त्यांच्यापुढे शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र हे सगळे एकदम इंग्रजीत येऊन पडते. (बी.एस्सी. नर्सिंगला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते, तेव्हा तिथे शास्त्राची ओळख तरी असते. इंग्रजीचा संकोच मात्र तिथेही तोच.) माझी मैत्रीण दापोली तालुक्यातल्या बंदरावरच्या गावची. मनगटाच्या आठ हाडांची नावे तिने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर देवनागरीत लिहून भिंतीला लावली होती आणि आठवडाभर घोकूनही ती तिच्या डोक्यात बसत नव्हती. एका सीनियर मुलीने तिला नावांचे अर्थ सांगितले: स्कॅफॉइड म्हणजे होडीसारखे, लुनेट म्हणजे चंद्रकोरीसारखे, पिसिफॉर्म म्हणजे वाटाण्यासारखे, हॅमेट म्हणजे आकडा असलेले. ती आपला पंजा दिव्याखाली धरून एकेक जागा चाचपत बसली, आणि त्या रात्री तिला आठही नावे क्रमाने पाठ झाली. असे शिकवणारी व्यक्ती रोज भेटत नाही, म्हणून ती शोधावी लागते. इंग्रजी संज्ञा, तिचा अर्थ आणि मराठी प्रतिशब्द अशी तीन रकान्यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. वर्गात कळले नाही तर त्याच संध्याकाळी ट्यूटरकडे जा, कारण लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के गुण मिळवल्याखेरीज विषय सुटत नाही, आणि पहिल्या अंतर्गत परीक्षेतले अपयश मुलींना जितके खचवते तितके वॉर्डमधले काहीही खचवत नाही.

दुसरी अडचण हजेरीची आहे, आणि तिच्याविषयी प्रवेशाच्या वेळी कोणी नीट समजावून सांगत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार परीक्षेला बसण्यासाठी लेखी विषयांत आणि प्रात्यक्षिकांत किमान ८० टक्के हजेरी लागते, गैरहजेरीचे कारण काहीही असो. आणि पदविका हाती येण्यापूर्वी प्रात्यक्षिकांची हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते. म्हणजे तापाने अंथरुणावर काढलेले चार दिवसही वॉर्डमध्ये भरून द्यावे लागतात. महाविद्यालयात दांडी मारली तर ती दांडीच राहते. इथे ती उधारी होते.

पहिल्या पावसाळ्यात मी आजारी पडले, परत आले तेव्हा मेडिकल वॉर्ड भाताच्या लावणीच्या दिवसांतल्या तापाच्या रुग्णांनी भरलेला होता, आणि माझ्या देखरेखीखालच्या एका आजोबांचा त्याच आठवड्यात मृत्यू झाला. त्यांचे डोळे मिटून, हातपाय सरळ करून, नाका-कानांत कापूस घालण्याचे काम मी सिस्टरांसोबत केले. त्या रात्री मी बॅग भरली. अभ्यास मागे पडला होता, ड्युट्या बुडाल्या होत्या, आणि आता वर्ष वाया गेलेच, असे मी मनाशी पक्के धरले होते. सकाळी दाखले मागायला गेले, तर ट्यूटर बाईंनी काहीही न विचारता हजेरीचे रजिस्टर उघडले, माझ्या नावापुढच्या रकान्यावर पट्टी ठेवली आणि मला बेरीज करायला लावली. तूट ३६ तासांची निघाली. सहा रविवार सहा-सहा तास केले की ती भरून निघणार होती. इतके दिवस ज्याच्या भीतीने मला झोप नव्हती, त्याचा आकडा मी एकदाही पाहिला नव्हता.

माझ्या मैत्रिणीने तो आकडा पाहिलाच नाही. गौरी-गणपतीसाठी ती घरी गेली, विसर्जन झाल्यावर दोन दिवस जास्त राहिली, मग आठवडा झाला, आणि परत येऊन बोलणी खाण्यापेक्षा न येणे तिला सोपे वाटले. घरच्यांना शिक्षणाची मुळातच फारशी ओढ नव्हती. लोकांची घाण काढायला पोरीला एवढे पैसे भरून कशाला पाठवायचे, आणि रात्रपाळीच्या मुलीला स्थळे कशी यायची, ही वाक्ये आमच्यापैकी बहुतेकींनी ऐकली आहेत. तिचे मूळ दाखले संस्थेतच अडकले आणि उरलेल्या फीवरून वाद होऊन ते हातात यायला पुढे कित्येक महिने गेले. वेळीच कोणाशी चार शब्द बोलली असती, तर ती थांबली असती, असे मला आजही वाटते. सोडून जाणाऱ्या मुली भांडून जात नाहीत. जेवणाच्या वेळी त्या खोलीतच पडून राहतात, वॉर्डमध्ये विचारलेल्या प्रश्नावर खाली बघतात, प्रोसिजर बुकवर (केलेल्या प्रात्यक्षिकांच्या नोंदवहीवर) सही घ्यायला येईनाशा होतात. खोलीतल्या मुलीचे असे होत असेल तर तुम्हीच तिला हाताला धरून ट्यूटरकडे न्या.

मात्र प्रत्येकीने राहिलेच पाहिजे, असे माझे म्हणणे नाही. आमच्यातली एक मुलगी विचारपूर्वक गेली. तिला शिक्षिका व्हायचे होते आणि घरच्यांनी आग्रहाने इथे घातले होते. ती वडिलांना घेऊन आली, लेखी अर्ज दिला, फीचा हिशेब आणि दाखल्यांची पोच घेऊन गेली. असे जाण्यात काही कमीपणा नाही. जायचेच असेल तर प्रवेश रद्द करण्याची मुदत आणि फी परताव्याचा नियम लेखी मागून घ्या, महाडीबीटीवर (राज्य शासनाच्या संकेतस्थळावर) शिष्यवृत्तीचा अर्ज भरला असेल तर त्याचे पुढे काय होते ते कार्यालयात विचारा, आणि पुन्हा यायचे झाल्यास वर्ष धरले जाईल का, हेही त्याच भेटीत स्पष्ट करून घ्या. पैशांची अडचण असेल तर हप्ता चुकण्याच्या आधी प्राचार्यांना भेटा. हप्ता चुकल्यावर मुलगी वर्गात यायलाच लाजते, आणि मग हजेरीही जाते.

गणपतीला घरी जाणार असाल तर परतीचे आरक्षण जाण्याआधीच करून ठेवा. विसर्जनानंतरच्या आठवड्यात कोकण रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते, एसटीलाही तीच गर्दी असते, आणि त्या आठवड्यातल्या ड्युट्या पुढे रविवारी भराव्या लागतात.